याडीनं ऐकलेली कादंबरी

माझ्या सासूनं आयुष्यात एकच कादंबरी ऐकली आणि ती तिला अजिबात आवडली नाही. कादंबरी जाडजूड होती, गोष्ट मुंगीच्या पावलानं चालायची, आणि बायका तिच्यात दोनच तऱ्हेच्या होत्या, रडणाऱ्या आणि रडवणाऱ्या. याडीचं म्हणणं असं, की या दोन्ही तऱ्हांच्या बायका तिनं पाहिलेल्या आहेत, पण त्यांना मधल्या वेळात दुसरीही कामं असतात.

याडी म्हणजे तीच, माझी सासू, निर्मलाबाई. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात आणि डोंगरकड्याजवळच्या आमच्या तांड्यात लहानथोर सगळेच तिला याडी म्हणायचे. घरात आम्ही गोरमाटीच बोलतो. इथं मात्र मी सगळ्यांना बाजारात बोलावं तसं बोलायला लावलं आहे, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच तकलीफ.

अंगानं शिडशिडीत, चालणं ताडताड, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. बांगड्या वाजल्या की मी आणि माझी नणंद शिला हातातलं बोलणं टाकून कामाला लागायचो. 'थांब' हा शब्द तिला सोसायचा नाही. एसटीला उशीर झाला तर ती चालायला लागायची. एकदा अशीच निघाली. एसटीनं तिला वारंगा फाट्याच्या जरा अलीकडं गाठलं, तर हिनं हातच केला नाही. ड्रायव्हरनं आपण होऊन गाडी उभी केली. ही म्हणाली, "आता काहून? आलंच की." आणि एसटीच्या पुढं चालत राहिली. सासरे प्रेमसिंग याच्या अगदी उलट. ते कशालाही 'बराबर' म्हणायचे आणि बसल्या जागेवर बसून राहायचे. त्यांचा संसार त्यामुळं चांगला झाला.

अशी ही बाई एका बाबतीत मात्र दोन वर्षं थांबून होती. ती बाब म्हणजे शिला, तिची एकुलती एक लेक.

शिलाला सिद्धेश्वर धरणाकडच्या एका तांड्यात दिली होती. नवऱ्याचं नाव प्रेमदास. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला ती माहेरी आली आणि तिला न्यायला कुणी आलंच नाही. भांडण नाही, मारहाण नाही, दुसरी बायको नाही. नुसतं कुणी आलं नाही. आमच्यात लेक माहेरी आली की सासरच्या माणसानं येऊन तिला न्यायचं असतं. आपल्या पायानं गेली तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं, की तू काय, न बोलावता आलेली. याडीनं निरोप पाठवले. प्रेमदासचा दर वेळी एकच जबाब, "येतो." तो कधी खोटं बोलत नसे, असं सगळे सांगायचे. त्यामुळं आम्ही वाट पाहत होतो.

शिलानं एकदाच विचारलं होतं, "आन् न्हाई आला तर?"

"येईल," याडी म्हणाली. त्यावर पुढं कुणी बोललं नाही. शिला कापूस वेचायला जायची, पाणी भरायची, माझ्या लेकराला खेळवायची आणि बसायची. ती बोलायची कमी. आधीपासून कमी बोलायची की माहेरी राहून कमी बोलायला लागली, ते मला माहीत नाही, कारण मी त्या घरात तिच्या लग्नानंतर आले.

हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षीचा श्रावण. दर श्रावणात आमच्या तांड्यावर देवीच्या देवळापुढच्या पत्र्याखाली पोथी लागायची. पोथी वाचायला डोंगरकड्याहून दगडोबा यायचे. म्हातारे, खणखणीत आवाजाचे. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाचायची मनाई केली. त्यांनी निरोप धाडला, "तुमच्यात बारावी शिकलेली सून हाय, तिला वाचू द्या. पोथी माझ्या घरी फळीवर हाय, लाल फडक्यात. घेऊन जा."

ती बारावी शिकलेली सून म्हणजे मी, रुपा. माझं माहेर शिरड शहापूरकडचं. पोथी आणायला माझा नवरा देविदास गेला. फळीवर लाल फडक्यातली गाठोडी दोन होती. एक बारीक, एक जाड. त्यानं जाड उचललं. त्याचं म्हणणं, जास्ती पानं म्हणजे जास्ती पुण्य. त्यानं फडकं सोडून का पाहिलं नाही, असं शहरातली माणसं मला विचारतात. पोथीचं फडकं आंघोळ केल्याशिवाय सोडत नाहीत, आणि आमच्या तांड्यावर तर रीतच अशी, की आधी नारळ फुटतो, मग संकल्प, आणि मग फडकं सुटतं. दगडोबांनी ती लावून दिलेली.

त्याप्रमाणं नारळ फुटला. हळदकुंकू वाहून झालं. याडी हात जोडून पुढं झाली आणि सगळ्यांच्या समोर म्हणाली, "जावई येऊ दे आन् माझ्या लेकीला घेऊन जाऊ दे. पोथी पुरी होईस्तोवर मी चहाला तोंड लावणार न्हाई."

बायकांत कुजबुज झाली, कारण याडीचा चहा तांड्याला माहीत होता. सकाळी उठून दोनदा, शेतातून आल्यावर, पाहुणा आला की, पाहुणा गेला की. तिनं मागितलं ते मोठं होतं म्हणून सोडलं तेही मोठं. शिला मागं खांबाला टेकून कंदिलाची काच पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

मग मी फडकं सोडलं. आत पोथी नव्हती. आत कादंबरी होती. पुढची पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळं तिचं नाव काय आणि ती कुणी लिहिली हे कळायला मार्ग नव्हता. उरलेली आठशेच्या वर पानं बारीक टायपातली. पहिल्या शाबूत पानावरचं पहिलं वाक्य होतं, 'आणि सुलक्षणेने एक दीर्घ निःश्वास सोडला.'

मी सांगितलं, की ही पोथी नव्हे. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, रतनसिंग यांनी विचारलं, "नारळ फुटला का?"

"फुटला."

"संकल्प झाला का?"

"झाला."

"मंग वाच."

मी म्हटलं, आधी दगडोबांना तरी विचारा. माणूस गेला आणि आला. दगडोबांनी डोळ्यावरच्या पट्टीसकट सांगितलं होतं, की ते पुस्तक त्यांच्या मुलाचं, मास्तरकीचं शिकताना कुणीतरी बक्षीस दिलेलं. उंदरापासून राहावं म्हणून फडक्यात बांधलं. पण नारळ फोडून उघडलं ते अर्धं सोडता येत नाही. सोडलं तर ज्यानं संकल्प केला त्याला लागतं. हे ऐकून सगळ्यांनी आधी याडीकडं पाहिलं आणि मग शिलाकडं. याडी पदर सावरून बसली. "वाच," ती मला म्हणाली. अशी ती कादंबरी आमच्या तांड्यावर लागली.

गोष्ट एका बंगल्यातली. सुलक्षणा नावाची देखणी सून. नवरा विक्रांत विलायतेला जातो. जाताना 'परत येईन' म्हणतो. सुलक्षणा माडीवरच्या खिडकीत उभी राहते. एवढं पहिल्या आठवड्यात झालं. त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही.

पोथीला दोन माणसं लागतात, एक वाचणारं आणि एक अर्थ सांगणारं. जिवनबाईसारख्या जुन्या बायकांना पुस्तकी मराठी समजायची नाही, त्यात जिवनबाईला कानानं कमी ऐकू यायचं. अर्थ सांगायचं काम याडीनं स्वतःकडं घेतलं. पहिल्या दिवशी तिनं माझ्यापेक्षा जास्त वेळ घेतला. बंगला केवढा, माडी कशी, विलायत कुठं आणि तिथं जायला भाडं किती पडत असेल, सगळं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात अर्थ आखूड व्हायला लागला. मी चार पानं वाचायची. जिवनबाई कानामागं हात धरून विचारायची, "काय म्हणली?"

"काय न्हाई," याडी मोठ्यानं सांगायची. "अजून खिडकीतच हाय."

उशिरा येणाऱ्या बायका तेवढंच विचारून खाली बसायच्या. खिडकीत आहे म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं, काही बुडालं नाही म्हणून.

याडीचं समाधान मात्र होत नव्हतं. तिला प्रश्न पडायचे आणि उत्तरं मला द्यावी लागायची. ती कादंबरी जणू मीच लिहिली होती.

"हिच्या घरी पाणी कोण भरतं?"

"लिहिलं न्हाई."

"जेवली का?"

"विरहानं तिला अन्न गोड लागेना, असं लिहिलंय."

"कवापासून?"

मी मागची पानं चाळली. "शरद ऋतूपासून. आता वसंत आलाय."

याडीनं बोटांवर हिशोब केला. "म्हंजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत जेवली न्हाई. आन् उभी हाय. मंग काय खाऊन राहिली, वारा?"

सुलक्षणा तिसऱ्यांदा मूर्च्छित पडली तेव्हा याडी कळवळली. तिला खरंच वाईट वाटलं. "हिला आधी दवाखान्यात दाखवा," ती म्हणाली. "रक्त कमी असंल अंगात. गोळ्या देतात लाल लाल." आणि पुढच्या पानावर सुलक्षणा शुद्धीवर येऊन परत खिडकीत गेली, तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

कादंबरीत एक सासूही होती, माईसाहेब. लिहिणाऱ्यानं तिला दुष्ट ठरवलेलं. ती चाव्यांचा जुडगा कमरेला लावून फिरायची आणि सुलक्षणेला टाकून बोलायची. याडीला त्या सगळ्या पुस्तकात ही एकच बाई पसंत पडली. कारण ती खाली-वर करायची, गड्यांना कामं सांगायची आणि तिला राग यायचा. सासूनं सासूची बाजू घेतली याचं मला नवल वाटलं नाही, पण मनातल्या मनात मलाही माईसाहेबच बऱ्या वाटायला लागल्या होत्या. निदान त्या आल्या की कुणीतरी कुणाला तरी काहीतरी बोलायचं.

श्रावण संपला. पोळा झाला. कादंबरीत चांदणं सुरू झालं. चांदणं बंगल्यावर पडलं, बागेवर पडलं, तळ्यावर पडलं, सुलक्षणेच्या गालावर पडलं. गौरी-गणपती आले, बसले, गेले, तरी ते पडतच होतं. मी याडीला म्हटलं, "चांदण्याची पानं सोडू का? गोष्टीला काही होत न्हाई त्यानं."

याडीचं त्या वेळी डोकं दुखायचं. चहा सुटल्यापासून ती कपाळाला पट्टी बांधून हिंडायची. सासरे आपला चहा घराच्या मागं जाऊन प्यायचे आणि तोंड पुसून यायचे. तरी ती म्हणाली, "पोथीतली ओवी कुणी सोडतं का? शिलाच्या वाटंवर दगड पडंल. वाच." मी वाचलं. चांदण्याची सगळी पानं वाचली. त्या लेखकाला चांदणं सोडून दुसरं काही येत नसावं, असं माझं मत झालं आणि ते अजूनही तसंच आहे.

त्याच दिवसांत इलेक्शन होतं. एक जीप कर्णा वाजवत तांड्यावर आली. याडी उठली, जीपच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोथी चालू हाय." कर्णा बंद झाला. उमेदवाराची माणसं चपला काढून पत्र्याखाली आली, पुस्तकाला हात लावून पाया पडली, आणि एकानं नारळ ठेवला. मी तेव्हा सुलक्षणेच्या उशीबद्दल वाचत होते. ती आसवांनी भिजली होती. माणसं भक्तिभावानं ऐकून गेली.

दसरा आला आणि वेगळीच घाई लागली. दिवाळी झाली की आमचा अर्धा तांडा ऊस तोडायला जातो. मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, बिऱ्हाडं चढतात आणि पुढचे पाच-सहा महिने तांड्यावर म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं राहतात. ऊसतोडीला एकटा गडी चालत नाही. एकानं तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं मुकादम धरतो. पोथी ऐकणाऱ्या निम्म्या बायका असे अर्धे कोयते होत्या. त्यांना शेवट ऐकूनच जायचं होतं. आता मी सकाळीही थोडं वाचायला लागले.

आणि दिवाळीच्या तोंडावर विक्रांत परत आला. पत्र्याखाली बसायला जागा नव्हती. बायका स्वयंपाक टाकून आल्या होत्या. मी वाचलं, की सुलक्षणा जिना उतरली, ती धावली, तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि अश्रूंनी त्याचे पाय धुतले. तो काही बोलणार, तोच ती म्हणाली, 'आपण आलात, यातच मला सारे मिळाले. मला काहीच विचारायचे नाही.'

"काय म्हणली?" जिवनबाईनं विचारलं.

"याचा अर्थ मी सांगत न्हाई," याडी म्हणाली.

मग तिचा तोल गेला. चहावाचूनचे सगळे महिने त्यात होते. ती पुस्तकाकडं बोट करून बोलायला लागली. "इतके दिवस कुठं व्हतास, येवढं तरी विचार नं बाई! खिडकीत उभं राहून पाय सुजले तुझे. अन्न न्हाई, पाणी न्हाई. आन् आता तो आला तर त्याचेच पाय धून राहिली? आधी विचार, आता काहून आला? मंग धू. माझी लेक असती तर दोन ठेवून दिल्या असत्या मी." बायकांनी माना डोलावल्या. दगडोबांच्या पोथीलाही कधी एवढी दाद मिळाली नव्हती. शिला मागं खांबापाशी होती. ती झोपली असेल असं मला वाटलं होतं, कारण त्या पुस्तकाला झोप येणं साहजिक होतं. पण ती जागी होती.

भाऊबीज झाली. कादंबरीची शेवटची थोडी पानं उरली होती, त्यात नुसताच आनंद होता. आणि एका दुपारी प्रेमदास आला.

सोबत त्याचा काका होता. प्रेमदासनं नवा सदरा घातलेला, हातात फरसाणाची पुडी. बातमी तांडाभर झाली. बायका धावत आमच्या अंगणात आल्या आणि पुस्तक जागृत आहे असं एकमेकींना सांगायला लागल्या. जिवनबाईनं तर घरात जाऊन फडक्यालाच हात जोडले. नायक रतनसिंग येऊन बाजेवर बसले. याडीचा चेहरा मी त्या आधी तसा कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ती हसत होती आणि तिला आपण हसतोय हे माहीत नव्हतं. दोन वर्षं तिच्या उरावर जे होतं ते कुणीतरी उचलून घेतलं होतं. तिनं स्वतः चटई टाकली, झटकली आणि पुन्हा टाकली. मला म्हणाली, "चहा टाक. नुसत्या दुधाचा."

शिला कापसातून आली. डोक्यावरचं गाठोडं तिनं भिंतीशी उतरवलं. याडीनं पाण्यानं भरलेला तांब्या तिच्या हातात दिला. "पाव्हण्याला हातपाय धुवायला दे."

शिलानं तांब्या घेतला. ती प्रेमदासच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तांब्या तिनं पुढं केला नाही.

"इतके दिवस कुठं व्हता?" तिनं विचारलं.

अंगणातल्या सगळ्या बायकांनी हे वाक्य ओळखलं. याडीनंही ओळखलं. मी चुलीपाशी होते, तिथून मला तिचा चेहरा दिसत होता. त्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं, नुसतं तिथंच राहिलं होतं.

"कुठं न्हाई," प्रेमदास म्हणाला. "घरीच व्हतो."

"मंग आता काहून आला?"

काका मधे पडला. "न्यायला आलाय पोरी. जे झालं ते झालं."

पण प्रेमदास खोटं बोलत नसे, हे मी आधी सांगितलंच आहे. तो म्हणाला, "दोन सीझन बहीण व्हती संगं. उन्हाळ्यात तिचं लगीन झालं. कोयत्याला जोडी लागते. मुकादमाचा ट्रॅक्टर सोमवारी हाय."

जिवनबाईला ऐकू आलं नव्हतं. तिनं रोजच्या सवयीनं कानामागं हात धरला आणि याडीला विचारलं, "काय म्हणला?"

याडीनं आधी चटईचा कोपरा सरळ केला. मग तिनं सांगितलं, मोठ्यानं, जिवनबाईला ऐकू जाईल असं. "जोडी पायजे म्हणतो."

नायक घसा खाकरून म्हणाले, "याडी, तू देवाला मागितलं तेच घडलं. जावई दारात आला. आता पोरीला समजाव. बाकीच्या बायका न्हाई का जात कोयत्यावर?" ते खरंच होतं. तिथं उभ्या असलेल्या निम्म्या बायका जाणार होत्या. याडीनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते 'बराबर' म्हणतील अशी तिची आशा असावी, पण ते आयुष्यात पहिल्यांदाच काही म्हणाले नाहीत. सगळं तिच्यावर आलं.

"रुपा, पाव्हण्यांना चहा दे," ती म्हणाली.

त्यांनी चहा घेतला. कप खाली ठेवल्यावर याडी म्हणाली, "प्रेमदास, तू वाईट न्हाईस. पण दोन वर्सं मी तुला बायकोला न्यायला ये म्हणून निरोप धाडले. जोडीला ये म्हणून न्हाई. आता जा."

नायक उठून गेले आणि पुढं कितीतरी दिवस आमच्या दारावरून जाताना बोलले नाहीत. काका काहीबाही पुटपुटला. प्रेमदासनं चपला घातल्या. निघताना तो म्हणाला, "येतो." त्याला सवयच होती.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. मला त्या कादंबरीसारखं ताणायचं नाही. ट्रॅक्टर गेला. उरलेली पानं मी चार म्हाताऱ्यांपुढं वाचून संपवली. दगडोबा नवा चष्मा लावून समाप्तीला आले आणि त्यांनी प्रसाद वाटला. प्रेमदासनं पुढच्या सालात दुसरी केली, त्यांचं बरं चाललं आहे. शिला तांड्यावरच राहिली. अंगणवाडी आली तेव्हा ती मदतनीस लागली. मुलांची खिचडी शिजवते आणि उशिरा येणाऱ्या बाईंना बोलते. मधे तिला दोन स्थळं आली होती. तिनं त्यांना प्रश्न विचारले, स्थळं परत गेली. याडी दोन हजार सातच्या उन्हाळ्यात गेली. आज तांड्यावर तिची गोष्ट सांगतात ती अशी, की याडी मोठी धीराची, तिनं जावयाला दारातून परत पाठवलं. बचत गटाच्या मीटिंगला येणाऱ्या मॅडमही तेच सांगतात.

पण प्रेमदास गेला त्या संध्याकाळी मी घरात होते, आणि ती काही धीरानं बसलेली नव्हती. ती ओसरीवर बसून रडत होती. पदर तोंडात धरून, आवाज न करता. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. शिला गाठोड्यातला कापूस निवडत होती. पाचोळा वेगळा, कापूस वेगळा. तिचे हात नेहमीसारखेच चालले होते.

"ते मी पुस्तकातल्या बाईला म्हणून राहिले व्हते," याडी एकदम म्हणाली. रागानं म्हणाली. "तुला कुठं म्हणलं व्हतं?"

शिलाचे हात थांबले. "मला काय म्हाईत," ती म्हणाली. "माझ्या संगं त्याच्याबद्दल दोन वर्सात कोणीच काही बोललं न्हाई. मी बसून ऐकून राहिले. मला वाटलं, मलाच म्हणून राहिली."

बाहेर कुणीतरी शेळ्या आत घेत होतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि जाता येत नव्हतं. मग याडीनं डोळे पुसले आणि लेकीकडं नीट पाहिलं.

"मला वाटत व्हतं तू जावं," ती म्हणाली. "आताबी वाटून राहिलं." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "राहा."